पंचांगाचं व्हर्जन

गेले दोन विकांत इथे काही लिहिलं नाही. कारण साधं होतं, हापिसातली एक भानगड निस्तरत होतो. ती परवा रात्री दीड वाजता निस्तरली आणि निस्तरता निस्तरता एकदम आजोबा आठवले. म्हणून आजचा लेख म्हटला तर संगणकाचा, म्हटला तर पंचांगाचा. ज्यांना मॅट्रिक्स म्हटलं की काळ्या गॉगलवाला सिनेमाच आठवतो त्यांनीही वाचायला हरकत नाही. गणित फार नाहीये.

तर भानगड अशी. आमचा चमू ज्या प्रणालीवर काम करतो ती यंत्रांची कंपनं मोजून त्यावर आकडेमोड करते. प्रणालीच्या पोटात गणिताची एक लायब्ररी आहे. ती कुणी, कधी बसवली हे आजच्या चमूतल्या कोणालाही माहीत नाही. मला सांगितलं, "बघ जरा कुठलं व्हर्जन आहे, आणि नवीन टाकून दे." म्हटलं, हे तर चहा गार व्हायच्या आत होईल. नवीन टाकली. रात्री टेस्ट लावून विरार फास्ट पकडली, घरी येऊन झोपलो. सकाळी पाहतो तर ४१ टेस्ट लाल!

मॅनेजरसाहेब आले, लाल यादी पाहिली आणि एकच वाक्य बोलले. "इतकी वर्षं जे उत्तर येत होतं ते चूक होतं का?"

या प्रश्नाला मला उत्तर देता आलं नाही. जुनी लायब्ररी ठेवावी तर ती नव्या सर्व्हरवर धड चालत नव्हती. नवी ठेवावी तर क्लायंटला काय सांगणार, की तुमचे आकडे बदललेत, पण काळजी करू नका? रिलीज तीन आठवड्यांवर, आणि "लायब्ररी बदलणारा तो हाच" म्हणून सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे. पण गंमत म्हणजे, अगदी हेच वाक्य मी पूर्वी एकदा ऐकलं होतं. २०१२ साली, आमच्या चंदनसारच्या घरात, गणपतीसमोर. ते पुढे येईलच. आधी ही लायब्ररी म्हणजे काय प्रकार असतो ते सांगतो.

मॅटलॅब, सायलॅब, ऑक्टेव्ह किंवा पायथनमधलं नमपाय, यांपैकी काहीही वापरा. आपल्याला वाटतं की समीकरणं हेच सोडवतात. खरं तर हे सगळे पुढच्या काउंटरवरचे लोक. आतल्या भटारखान्यात भलतंच कोणीतरी राबत असतं. त्या आतल्या मंडळींची नावं ब्लास आणि लापॅक. ब्लास म्हणजे सदिश आणि मॅट्रिक्स यांच्या बेरजा-गुणाकारांसारख्या मूळ क्रिया, आणि लापॅक म्हणजे त्यांच्यावर रचलेल्या समीकरणं सोडवायच्या रीती.

याचा इतिहास मोठा सुरस आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेत आयस्पॅक आणि लिनपॅक असे फोरट्रान भाषेतले दोन संच तयार झाले. १९७९ मध्ये लिनपॅकचं पुस्तक आलं, ब्लासवरचा लेखही त्याच वर्षीचा. लिनपॅकच्या चार कर्त्यांपैकी एक क्लीव्ह मोलर. आपल्या विद्यार्थ्यांना फोरट्रान न लिहिता हे दोन संच वापरता यावेत म्हणून त्यांनी एक सोपा मुखवटा तयार केला. तोच पहिला मॅटलॅब. १९८४ मध्ये त्याची कंपनी झाली.

पण तोवर यंत्रं बदलत चालली होती. प्रोसेसर भराभर वेगवान झाले, मेमरी मात्र त्या मानाने मागे पडली. लिनपॅक मॅट्रिक्सचा एकेक स्तंभ घेऊन काम करायचं. म्हणजे एका भाकरीसाठी दर वेळी कोठीत जाऊन मूठभर पीठ आणण्यासारखं. १९९२ मध्ये लापॅक आलं, ते एकदम परातभर पीठ आणून सगळ्या भाकऱ्या थापणारं. मॅट्रिक्सचे चौकोनी तुकडे करायचे, एक तुकडा प्रोसेसरजवळच्या छोट्या, वेगवान मेमरीत आणायचा आणि त्याचं सगळं काम उरकूनच तो परत पाठवायचा. मॅटलॅबने २००० साली सहाव्या आवृत्तीत लिनपॅक काढून लापॅक बसवलं. पुढे काझुशिगे गोतो या जपानी तंत्रज्ञाने हाताने असेंब्ली लिहून ब्लासचा वेग आणखी वाढवला. आजचं ओपनब्लास त्याच घराण्यातलं. इंटेलची एमकेएल ही दुसरी मोठी लायब्ररी.

लिनपॅक निवृत्त झालं तरी त्याचं नाव मात्र राहिलं. महासंगणकांचा क्रम आजही त्या नावाच्या चाचणीवरून लावतात. नोव्हेंबर २००७ च्या यादीत पुण्याचा 'एका' हा महासंगणक ११७.९ टेराफ्लॉप्स घेऊन जगात चौथा आला, तो याच चाचणीत. असो.

आता मुद्द्याचं. संगणकाची बेरीज शाळेतल्या बेरजेसारखी नसते. तिला साधारण १५-१६ अंक धरता येतात, पुढचं सगळं कापलं जातं. त्यामुळे बेरजेचा क्रम बदलला तर उत्तर शेपटाशी बदलू शकतं. करून पाहा. आधी ०.१ आणि ०.२ यांची बेरीज करून त्यात ०.३ मिळवा, ०.६००००००००००००००१ येतं. आधी ०.२ आणि ०.३ मिळवून मग ०.१ मिळवा, ०.६ येतं. आता नवी लायब्ररी म्हणजे नवे तुकडे, नवा क्रम, चार कोअरवर वाटून दिलेलं काम. शेपूट हलणारच.

मग माझ्या ४१ लाल टेस्ट म्हणजे नुसती हलणारी शेपटं होती का? मलाही सुरुवातीला तसंच वाटलं. तसं नव्हतं. ते का हे कळायला मला पाचशे वर्षं मागे, मुरूड-जंजिऱ्याजवळच्या नांदगावात जावं लागलं.

नांदगावात केशव दैवज्ञ नावाचे ज्योतिषी होते. त्यांचा ग्रहकौतुक हा ग्रंथ १४९६ च्या सुमाराचा. हा माणूस नुसता पोथीतला नव्हता, स्वतः वेध घ्यायचा. आकाशातला ग्रह आणि गणिताने येणारा ग्रह यांच्यात कुठे किती फरक पडतो ते त्यांनी नोंदवलं. शिवाय पुढच्या गणकांनी असेच वेध घेऊन नवे ग्रंथ करावेत असंही सांगून ठेवलं. म्हणजे आमच्या भाषेत सांगायचं तर, लायब्ररी लिहिली आणि सोबत "ही अपग्रेड करत राहा" अशी सूचनाही लिहिली.

ती सूचना त्यांच्या मुलानेच मनावर घेतली. हे गणेश दैवज्ञ, जन्म १५०७ चा. त्यांचा ग्रहलाघव शके १४४२ म्हणजे इसवी सन १५२० हा आरंभ धरून रचलेला आहे. महाराष्ट्रातली पंचांगं पुढे शेकडो वर्षं याच ग्रंथावर चालली.

ग्रहलाघवात मला दोन गोष्टी अफलातून वाटतात. पहिली म्हणजे वेग. जुन्या पद्धतीत कलियुगाच्या आरंभापासूनचे दिवस मोजत, तो आकडा तेव्हाच सोळा-सतरा लाखांच्या घरात गेला होता. गणेशांनी ११ वर्षांचं, ४०१६ दिवसांचं एक चक्र बांधलं. किती चक्रं झाली ते पाहायचं, त्यांचा हिशेब ठरलेल्या ध्रुवकाने एका झटक्यात उरकायचा आणि उरलेल्या थोड्या दिवसांचंच गणित मांडायचं. त्यात ज्या-चापाची, म्हणजे आपल्या त्रिकोणमितीतल्या साइनची, भानगडच काढून टाकली. त्याजागी साध्या गुणाकार-भागाकारांत बसणारी आसन्न सूत्रं दिली. पाटीवर गणित करणाऱ्या गावच्या जोशीबुवांसाठी हे म्हणजे हाताने लिहिलेलं असेंब्लीच!

दुसरी गोष्ट म्हणजे पडताळा. गणेशांनी कुठल्याही एका सिद्धांताची निष्ठा वाहिली नाही. सूर्य सौरपक्षाचा घेतला. चंद्रही सौरपक्षाचाच, पण त्यातून ९ कला वजा करून. गुरू, मंगळ आणि राहू आर्यपक्षाचे. शनीही आर्यपक्षाचा, पण त्यात चक्क ५ अंश मिळवून. निकष एकच, आकाशाशी जुळलं पाहिजे. चार ठिकाणचे उत्तम भाग गोळा करायचे, जिथे चुकतात तिथे ठिगळ लावायचं आणि सगळं एका पुडक्यात बांधून द्यायचं. बंडल्ड लायब्ररी म्हणतात ती याहून वेगळी काय असते?

पण लायब्ररी कितीही चांगली असली तरी म्हातारी होतेच. सूर्यसिद्धांताचं वर्ष ३६५ दिवस ६ तास १२ मिनिटं ३६ सेकंदांचं. खरं नाक्षत्र वर्ष ३६५ दिवस ६ तास ९ मिनिटं १० सेकंदांचं. फरक वर्षाला जेमतेम साडेतीन मिनिटांचा. कोणाला कळणार? पण हजार वर्षांत तो जवळजवळ अडीच दिवसांचा होतो. कापलेल्या अंकांचं असंच असतं, एकेकटे निरुपद्रवी आणि साचले की घातक. १९९१ च्या आखाती युद्धात अमेरिकेच्या पेट्रियट क्षेपणास्त्र प्रणालीच्या घड्याळात सेकंदाचा दहावा भाग अपुऱ्या अंकांनी साठवला होता. यंत्र शंभर तास सतत चालू राहिलं आणि चूक साचून सेकंदाच्या एक-तृतीयांशाएवढी झाली. धहरानला समोरून आलेलं क्षेपणास्त्र अडवता आलं नाही आणि २८ सैनिक गेले.

पंचांगाच्या साचलेल्या चुकीकडे एकोणिसाव्या शतकात लक्ष वेधलं केरूनाना छत्र्यांनी. केरो लक्ष्मण छत्रे (१८२५-१८८४), मूळचे अलिबागजवळच्या नागावचे. पोरवयातच ते कुलाब्याच्या वेधशाळेत कामाला लागले आणि पुढे गणिताचे नामवंत प्राध्यापक झाले. डेक्कन कॉलेजात टिळक त्यांचे विद्यार्थी. १८६० मध्ये केरूनानांनी 'ग्रहसाधनाची कोष्टके' हा मराठी ग्रंथ काढला, युरोपातल्या नव्या कोष्टकांच्या आधारे. आणि शके १७८७ मध्ये, म्हणजे १८६५ मध्ये, आबासाहेब पटवर्धनांच्या साहाय्याने नवं पंचांग सुरू केलं. तेच पटवर्धनी पंचांग.

इथे खरी गंमत सुरू होते. या एका रिलीजमध्ये दोन बदल होते.

पहिला बदल ग्रहांच्या गतींचा. ग्रहण कधी लागणार, कोणता ग्रह कधी कुठे दिसणार. याचा निवाडा करायला आकाश समर्थ आहे. गच्चीत उभं राहा आणि घड्याळ लावा. जुनं चुकलं, नवं बरोबर आलं, विषय संपला.

दुसरा बदल शून्याचा. राशिचक्र मोजायला कुठून तरी सुरुवात करावी लागते. ग्रहलाघवात या शून्याची जागा सांगणारा एक सोपा हिशेब आहे. शकातून ४४४ वजा करा आणि ६० ने भागा, इतके अयनांश. शके १७८७ साठी ते येतात २२ अंश २३ कला. केरूनाना म्हणाले, राशिचक्र रेवतीपासून सुरू होतं ना, मग प्रत्यक्ष रेवतीचा योगतारा घ्या आणि तिथून मोजा. तो तारा म्हणजे झीटा पिशियम. तसे अयनांश आले जवळपास १८ अंश. म्हणजे शून्यच एकदम चार अंशांनी सरकलं!

दुसरी बाजू म्हणाली, रेवतीचा तो तारा इतका मंद की धड दिसत नाही. चित्रा घ्या, पहिल्या प्रतीची ठसठशीत. सूर्यसिद्धांतात ती बरोबर १८० अंशांवर सांगितली आहे. तिच्या समोरचा बिंदू तेच शून्य. व्यंकटेश बापूजी केतकर (१८५४-१९३०) पुढे या चित्रापक्षाचे मोठे पुरस्कर्ते झाले. बागलकोटच्या शाळेत शिकवणारा हा माणूस काय ताकदीचा होता ते एका गोष्टीवरून कळेल. १९११ मध्ये त्यांनी नेपच्यूनपलीकडच्या ग्रहांचं भाकीत एका फ्रेंच नियतकालिकात छापलं. त्यातल्या एका ग्रहाचं सूर्यापासूनचं अंतर त्यांनी ३८.९५ खगोलीय एकक दिलं होतं. १९३० मध्ये प्लूटो सापडला, त्याचं सरासरी अंतर सुमारे ३९.५. तर असे केतकर चित्रेच्या बाजूने आणि टिळक रेवतीच्या बाजूने. दोघेही गणितात पक्के, दोघांनाही पंचांग शुद्धच करायचं होतं. १९०४ मध्ये मुंबईत परिषद झाली, वाद झडले, पण मिटले नाहीत.

का मिटले नाहीत? कारण आकाशाला विचारून काही उपयोगच नव्हता. शून्य कुठे मांडायचं हे आकाश सांगत नाही, ते माणसांनी ठरवायचं असतं. आणि मला आता असं वाटतं की चित्रापक्षाच्या विजयाचं एक साधं कारण आमच्या धंद्यातल्या कोणालाही पटेल. चित्रेवरून १८६५ चे अयनांश काढले तर ते जवळपास २२ अंश येतात. म्हणजे जुन्या ग्रहलाघवाच्या अगदी शेजारी. गती नव्या घ्या, पण सण-संक्रांती जवळपास जिथल्या तिथे राहू द्या. यालाच आम्ही बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी म्हणतो! केरूनानांचं पंचांग गतींच्या बाबतीत अचूक होतं, पण त्याने वापरणाऱ्यांचे जुने सगळे हिशेब चार अंशांनी हलवले. मकरसंक्रांत चार दिवस आधी आली. थोड्याच घरांनी ते घेतलं. त्या परंपरेतलं टिळक पंचांग आजही निघतं, आणि ते मानणारी घरं रत्नागिरीकडे आजही आहेत.

त्यातलंच एक आमचं.

आता २०१२. मी तेव्हा नववीत. बाबा नोकरीसाठी चंदनसारला आलेले, आणि आजी गेल्यावर आजोबा गाव सोडून आमच्याकडे राहायला आले. येताना आपलं पंचांग आणि आपला गणपती घेऊनच आले. त्या वर्षी १७ ऑगस्टच्या अमावास्येपासून १६ सप्टेंबरच्या अमावास्येपर्यंतचा चांद्रमहिना होता. नियम असा की ज्या चांद्रमहिन्यात सूर्य रास बदलत नाही तो अधिक. चित्रापक्षाने पाहिलं तर सूर्य महिना लागायच्या जेमतेम एक दिवस आधी सिंहेत गेला आणि कन्येत गेला तो महिना संपल्यावर काही तासांनी. म्हणजे अधिक भाद्रपद. टिळक पंचांगात मात्र संक्रांत चार दिवस आधी, म्हणजे महिन्याच्या आतच. म्हणून तो महिना साधा सरळ भाद्रपद. काही तासांचा मामला, आणि सगळ्या मुंबईचा गणपती १९ सप्टेंबरला, आमचा मात्र ऑगस्टमध्ये!

मूर्तिकाराच्या शेडमध्ये सगळे गणपती पांढरेच होते. रंगाला हातही लागला नव्हता. बाबांनी हातापाया पडून एक छोटी मूर्ती रंगवून घेतली. मला शाळेला सुट्टी नाही. वाडीत कुठे मांडव नाही, दिवे नाहीत. शेजारच्या काकू दारातूनच म्हणाल्या, "अहो, अधिकात गणपती बसवतात का कधी?" मामा विरारमध्येच राहायचा, तो आला पण प्रसाद हातात घेऊन उभ्या उभ्या म्हणाला, "अप्पा, इतकी वर्षं सगळी दुनिया चुकतेय का?"

आजोबा म्हणाले, "दुनिया चुकते असं मी म्हटलं कुठे? आमचं असं आहे."

विसर्जनाला तळ्यावर आम्ही चौघंच होतो. ढोल नाही, ताशा नाही. मी झांज वाजवली आणि शाळेतलं कोणी बघत नाही ना म्हणून मान खाली घातली. महिन्याने मामाकडे गणपती बसला तेव्हा आजोबांचा आश्विन लागला होता, त्यांचं नवरात्र चालू होतं. मामी मोदकांचं ताट घेऊन आली आणि आजोबांचा उपास. पुढे ऑक्टोबरमध्ये जीवदानीच्या गडावर नवरात्राची रीघ लागली तेव्हा आमच्या घरात दिवाळी होऊन गेली होती. मामा आणि आजोबा यांच्यात त्या वर्षी जी अढी पडली ती शेवटपर्यंत पुरती गेली नाही. भांडण असं झालं नाही. फक्त पुढे मामा "कळवा हो तुमचा गणपती कधी आहे ते" असं म्हणू लागला, आणि त्यातला "तुमचा" आजोबांना लागायचा.

हे सगळं त्या रात्री लाल यादीकडे बघता बघता आठवलं. आणि डोक्यात उजेड पडला की "जुनं चूक होतं का?" हा प्रश्नच कच्चा आहे. कारण फरक एका जातीचे नसतात. मी ४१ टेस्टचे ढीग लावायला बसलो.

पहिला ढीग ३५ टेस्टचा. शेपटाचा फरक, चौदाव्या-पंधराव्या अंकातला. इथे जुनंही बरोबर, नवंही बरोबर. चूक आमच्या टेस्टची, कारण ती अंक न अंक जुळवू पाहत होती. किती फरक चालेल याची मर्यादा ठरवली आणि ढीग संपला.

दुसरा ढीग ४ टेस्टचा. इथे उत्तरं तिसऱ्या-चौथ्या अंकातच वेगळी. तपासल्यावर कळलं की मॅट्रिक्सच मुळात नाजूक, आत जाणारा आकडा किंचित हलला की बाहेर भूकंप. याचं पुस्तकी उदाहरण म्हणजे हिल्बर्टचं मॅट्रिक्स. १० बाय १० चं घेतलं तरी त्यात १३ अंक वाया जाऊ शकतात, म्हणजे १६ पैकी भरवशाचे उरतात तीनच. माझ्या चारही ठिकाणी जुनं उत्तर चुकीचंच होतं. इतकी वर्षं तेच येत होतं म्हणून कोणी पाहिलं नव्हतं. साहेबांना हे सांगताना घाम फुटला, पण हातात पडताळा होता. तीच गणितं जास्त अंक धरून पुन्हा केली होती, आणि नवं उत्तर त्याच्या जवळ होतं. म्हणजे केशव दैवज्ञांचा मार्ग, आकाशाकडे बघा.

तिसरा ढीग फक्त २ टेस्टचा, आणि झोप उडवली ती यानेच. इथे आकडे तेच, शेवटच्या अंकापर्यंत तेच, पण चिन्ह उलटं! अधिकाचं उणे, उण्याचं अधिक. आयगेन व्हेक्टर म्हणजे एक दिशा. ती या टोकाकडून सांगितली काय किंवा त्या टोकाकडून, गणिताला दोन्ही मान्य. कुठलं टोक द्यायचं याचं लापॅकने वचन दिलेलंच नाही. जुनी लायब्ररी योगायोगाने नेहमी एकच टोक द्यायची, आणि पुढचा आमचा कोड त्या योगायोगावर घर बांधून बसला होता. जास्त अंक घेऊन उपयोग नाही, वेध घेऊन उपयोग नाही. हा रेवती-चित्रेचा वाद होता.

मग करायचं काय? जे भारत सरकारच्या पंचांग सुधारणा समितीने केलं तेच. मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखालची ही समिती १९५२ मध्ये नेमली गेली, अहवाल १९५५ चा. त्यांनी निरयन गणनेसाठी आकडा लिहूनच टाकला. २१ मार्च १९५६ रोजी अयनांश २३ अंश १५ कला. हेच आकाशाचं सत्य, म्हणून नव्हे. इथून मोजायचं हे सर्वांना ठाऊक असावं, म्हणून. मीही आमच्या कोडमध्ये दोन ओळी घातल्या. व्हेक्टरमधला सर्वांत मोठा घटक नेहमी धन ठेवायचा, लायब्ररी काहीही देवो. आणि वर टीपेत लिहिलं की हा नियम आम्ही ठरवलेला आहे, गणिताने दिलेला नाही. टेस्ट हिरव्या झाल्या. साहेबांना तीन ढिगांचं एक पान दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि क्लायंटला जसंच्या तसं पाठवलं.

तुमच्यापैकी कोणी या वाटेला जाणार असेल तर थोडं कामाचं. आधी आत नक्की कोण राबतंय ते विचारा. मॅटलॅब आणि ऑक्टेव्हमध्ये 'व्हर्जन' या आज्ञेपुढे 'ब्लास' किंवा 'लापॅक' हा पर्याय दिला की उत्तर मिळतं, नमपायमध्ये 'शो कॉन्फिग' आहे. वेग बघायचा तर दोन मोठी मॅट्रिक्स गुणून वेळ मोजा. साधी नमुन्याची ब्लास बसलेली असेल तर ओपनब्लास टाकल्यावर फरक डोळ्यांना दिसेल. पण उत्तरं ताडायची ती जुन्या उत्तरांशी नव्हे, माहीत असलेल्या उत्तरांशी. पवई आयआयटीच्या फॉसी प्रकल्पात विद्यार्थ्यांकडून पाठ्यपुस्तकांतली सोडवलेली उदाहरणं सायलॅबमध्ये करवून घेतली गेली आहेत. पुस्तकातलं उत्तर समोर असतं, त्यामुळे पडताळ्याला फार उपयोगी. यंत्रावरही डोळे मिटून विश्वास नको. १९९४ मध्ये थॉमस नाइसली या गणितज्ञाला पेंटियम प्रोसेसर भागाकारच चुकतोय हे सापडलं. ४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागलं तर १.३३३८२ यायला हवं, यायचं १.३३३७४. इंटेलला ४७.५ कोटी डॉलरचा फटका बसला.

आणि शेवटचं, सर्वांत महत्त्वाचं. दुरुस्ती आणि नवा प्रघात एकाच रिलीजमध्ये कोंबू नका. केरूनानांनी १८६५ मध्ये नुसत्या गती सुधारल्या असत्या आणि शून्य पुढच्या खेपेला चर्चेला ठेवलं असतं तर कदाचित घरोघरी तेच पंचांग गेलं असतं. हे आज चंदनसारला चहा पीत म्हणणं सोपं आहे, मान्य. या माणसाबद्दल मला अपार आदर आहे, म्हणूनच चुटपूट लागते.

आजोबांना जाऊन आता सहा वर्षं झाली. त्यांचं श्राद्ध कोणत्या पंचांगाने करायचं हा प्रश्न घरात आला तेव्हा बाबा काही बोलले नाहीत. मामाच म्हणाला, "अप्पांच्या पंचांगाने. त्यात काय विचारायचं?" तेव्हापासून आमच्या भिंतीवर दोन पंचांगं असतात. परवा टेस्ट हिरव्या झाल्यावर मामाला फोन करून तिसऱ्या ढिगाची गोष्ट सांगितली. आयगेन व्हेक्टर त्याला कळला असेल असं वाटत नाही. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "म्हणजे त्या वर्षी दोघांचंही बरोबरच होतं म्हणतोस."

होतंच की.

असो. कोणाच्या माळ्यावर जुनं पटवर्धनी पंचांग धूळ खात पडलं असेल तर जरूर सांगा, बघायला येईन. तूर्तास इतकंच.